'सर', 'साहेब' आणि आपली क्रियापदे

शिक्षकदिन जवळ आला की भ्रमणध्वनीवर एक मजकूर न चुकता येतो. 'सर' हा शब्द म्हणजे 'स्लेव्ह आय रिमेन' या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे, म्हणजे 'मी गुलामच राहीन'. इंग्रजांनी तो आपल्या तोंडी बसवला, तेव्हा स्वाभिमानी माणसाने कोणालाही 'सर' म्हणू नये, असा त्याचा आशय. भ्रमणध्वनीवर काय काय फिरते याची तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु अलीकडे हाच मजकूर एका वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनात, व्यासपीठावरून, मराठीच्याच एका प्राध्यापकाच्या तोंडून आम्ही ऐकला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही काहीजण नांदेडला व लातूरला महाविद्यालयांतून मराठी शिकवतो. आम्ही त्या सभागृहात होतो आणि गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'सर' हे इंग्रजीतील 'सायर' या जुन्या शब्दाचे आखूड रूप. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन 'सेनिऑर' या शब्दात आहे. 'सेनिऑर' म्हणजे वयाने अधिक, वडील. आपण रोज वापरतो तो 'सीनिअर', स्पॅनिश 'सेन्योर', फ्रेंच 'मस्यू'मधला उत्तरार्ध ही सारी त्याच घराण्यातली. इंग्रजीत 'सर' इसवी सन १३०० च्या सुमारास रूढ झालेला दिसतो. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकातली. 'रडार' आणि 'नाटो' हे शब्द तसे घडले. तेराव्या-चौदाव्या शतकातील माणसाने तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून सरदाराला हाक मारली, हे मानण्यास भाषेच्या इतिहासात आधार नाही.

हा मजकूर सुचला कशावरून असावा, याचा तर्क मात्र करता येतो. इंग्रजी पत्राच्या अखेरीस 'आपला आज्ञाधारक सेवक' अशा अर्थाची ओळ लिहिण्याची प्रथा होती. आपल्याकडील अर्जाच्या शेवटी येणारा 'आपला आज्ञाधारक' तिचाच वंशज. म्हणजे गुलामीची शंका ज्यांना आली त्यांचे नाक अगदीच चुकलेले नव्हते. त्यांनी बोट चुकीच्या ठिकाणी ठेवले. अर्ज तसाच ठेवून त्यांनी 'सर'ला पकडले.

कोणी म्हणेल, हेतू चांगला असेल तर व्युत्पत्ती चुकली म्हणून काय बिघडले? आमचे उत्तर असे की, मराठी विभागाच्या व्यासपीठावरून सांगितलेली खोटी व्युत्पत्ती ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सांगितलेल्या खोट्या सूत्राइतकीच गंभीर गोष्ट आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ साली निघाला. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' त्याच्याही आधीचा. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. हे ग्रंथ बहुतेक विभागांच्या कपाटात असतात. कपाटाची किल्ली मागायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न देता आपण विद्यार्थ्यांना स्वाभिमान शिकवू पाहतो, आणि प्रत्यक्षात ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला शिकवतो. अधिकाराला प्रश्न विचारा, असे सांगणारा मजकूर कोणीही प्रश्न न विचारता पुढे पाठवला जातो, हा विरोधाभास आमच्या सहकाऱ्यांना दिसू नये याचे आश्चर्य वाटते.

दुसरा पक्ष शुद्धिवाद्यांचा. त्यांना 'सर'च्या अर्थाशी कर्तव्य नाही. शब्द परका आहे एवढेच त्यांना पुरते. 'सर'ऐवजी 'गुरुजी' म्हणा, 'साहेब'ऐवजी 'महोदय' किंवा 'श्रीमान' म्हणा, आपोआप आपली संस्कृती परत येईल, असे त्यांना वाटते. या पक्षाची परंपरा मोठी आहे आणि आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. शिवकालात 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि फारसी-अरबी राज्यकारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. सावरकरांच्या चळवळीने 'महापौर'सारखा शब्द दिला; आज नांदेड-वाघाळा व लातूर या दोन्ही महानगरपालिकांत तो सहज वापरला जातो. माधव जूलियन यांनी तर १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक'ही लिहिला. जो शब्द घालवायचा तो आधी नीट ओळखावा, एवढी शिस्त त्या पिढीत होती.

परंतु या परंपरेचाच इतिहास काय सांगतो? अष्टप्रधानांपैकी पहिल्या पदाला 'मुख्य प्रधान' हे संस्कृत नाव मिळाले, मुद्रांवर ते राहिलेही. पण लोकांच्या तोंडी राहिला तो 'पेशवा', म्हणजे फारसीत 'पुढे असणारा'. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांच्या कालखंडाला आपण 'पेशवाई' म्हणतो. 'मुख्यप्रधानाई' कोणी म्हणत नाही. आणि समजा, नाव बदलले असते तर सत्ता बदलली असती काय?

हा प्रश्न मराठवाड्यात राहणाऱ्याने तरी विचारावा. निजामी राजवटीत, पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांनंतर, जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला 'अव्वल तालुकदार' म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि 'तालुकदार' जाऊन 'कलेक्टर' आला. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, 'जिल्हाधिकारी' हा शब्द पाटीवर चढला. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर हा वेगळा जिल्हा झाला. पाट्या इतक्या वेळा बदलल्या. कचेरीच्या व्हरांड्यात कागद छातीशी धरून उभा राहिलेला म्हातारा मात्र अजून 'हुजूर' म्हणावे की 'साहेब' एवढ्याच विचारात आहे.

शिवाय संस्कृत शब्द निरागस असतात हा समजही तपासून घ्यावा. 'स्वामी' हा शब्द 'स्व' म्हणजे 'आपले, आपल्या मालकीचे' यावरून आला. त्याचा मूळ अर्थ 'मालक' असाच आहे. आमच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. संन्याशाला मालमत्ता नसते, आणि त्यांना आपण मालक या अर्थाचा शब्द आदराने लावतो. 'गुरू' म्हणजे 'जड'. 'मास्तर' हा लॅटिन 'मॅजिस्टर'वरून, म्हणजे 'अधिक असलेला'. आणि गंमत अशी की 'मिनिस्टर' हा त्याच्या उलट, 'कमी असलेला', म्हणजे सेवक. व्युत्पत्तीने माणसे सुधारत असती तर मास्तरांपुढे मंत्री हात जोडून उभे राहिले असते. कोणत्या संस्थेच्या कार्यक्रमात हे दृश्य दिसते, ते वाचकांनीच सांगावे.

येथे आणखी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण तो उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो. 'सरपंच', 'सरदार', 'सरनौबत', 'सरकार' यांतील 'सर' इंग्रजी नव्हे. तो फारसी असून त्याचा अर्थ 'डोके'. संस्कृत 'शिरस्' त्याचा सख्खा भाऊ. परका म्हणून ज्याला हाकलायचे तो पुष्कळदा आपल्याच घरातला, फक्त दुसऱ्या दाराने आलेला निघतो.

आता 'साहेब'. या शब्दावर आमच्या भागाचा विशेष अधिकार आहे असे आम्हाला वाटते. अरबीत 'साहिब' म्हणजे सोबती. पैगंबरांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तो याच धातूचा. त्याच धातूपासून 'सोहबत' आणि त्यापासून आपला 'सोबत'. 'सोबत' आणि 'साहेब' ही एकाच आईची लेकरे आहेत, हे वर्गात सांगितले की मुले आमच्याकडे संशयाने पाहतात, कारण त्यांच्या अनुभवात या दोन शब्दांची भेट कधी झालेली नसते. पुढे 'एखादी गोष्ट ज्याच्याजवळ आहे तो' या अर्थाने 'धनी' आणि मग 'अधिकारी' असा त्याचा प्रवास झाला. संतवाणीत तो ईश्वरवाचक झाला. इंग्रजी अमलात तो गोऱ्यांना चिकटला.

आणि नांदेडला या शब्दाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग येथे होते आणि येथेच त्यांचा अंत झाला. शीख परंपरेनुसार त्यांनी आपल्यामागे कोणा व्यक्तीला गुरुपद दिले नाही; ग्रंथालाच गुरू मानण्याची आज्ञा दिली. त्या ग्रंथाला आज 'साहिब' म्हणतात, स्थानाला 'हजूर साहिब' म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने या घटनेकडे नीट पाहावे. अधिकाराचा शब्द येथे माणसाकडून काढून घेऊन पोथीकडे दिला गेला, आणि त्या पोथीत आपल्या नामदेवांची वाणी आहे. ज्या गावातून रेल्वेने उतरताना फलाटावर 'हुजूर साहिब नांदेड' अशी पाटी दिसते, त्या गावच्या मराठी विभागांनी 'साहेब' म्हणजे केवळ कचेरीतला अंमलदार असे समजावे, हे आम्हाला पटत नाही.

याच शब्दाचे दुसरे रूप 'बाबासाहेब'. हा हुद्दा नव्हे. कोणत्याही शासन-आदेशाने तो दिलेला नाही. ज्यांना जन्मभर दुसऱ्यांना 'साहेब' म्हणावे लागले त्या लोकांनी आपल्या माणसाला तो स्वतःहून दिला, आणि त्याच्या आधी 'बाबा' लावून त्यातले अंतर काढून टाकले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतरच्या हिंसाचारात आमच्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. सुमारे साडेपंधरा वर्षे एका नावासाठी माणसे मार खात होती, घरे जळत होती. 'शब्दात काय आहे' असे म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात तरी तसे म्हणू नये.

परंतु इथपर्यंत आल्यावर आमच्यावरही एक आक्षेप येतो आणि तो न्याय्य आहे. 'सर' म्हणजे मुळात वडील, 'साहेब' म्हणजे मुळात सोबती, असे सांगून आम्ही काय सिद्ध केले? मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानणे ही चूकच आहे, मग ती खोट्या व्युत्पत्तीवर उभी असो की खऱ्या. 'साहेब' सोबतीपासून आला म्हणून तहसीलदार आपला सोबती होत नाही. शब्दाचा अर्थ कोशाच्या पहिल्या नोंदीत नसतो, तो वापरात असतो. एकच 'सर' दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतो. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर 'सर' हा किताब परत केला. तेथे तो साम्राज्याचा बिल्ला होता. उलट २००६ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने 'माय लॉर्ड'ची प्रथा सोडण्यासाठी नियम केला, तेव्हा कनिष्ठ न्यायालयांसाठी जो साधा पर्याय सुचवला तो 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतील त्याचा प्रतिशब्द. एका जागी जो जाच, तोच दुसऱ्या जागी सुटका.

'बाई' या शब्दाचे पाहा. जिजाबाई, अहिल्याबाई या नावांत तो राज्यकर्त्या स्त्रियांचा आहे. एके काळी शाळेत शिक्षिकांना 'बाई' म्हणत आणि त्यात जरब होती, मायाही होती. आज महाविद्यालयात कोणा अध्यापिकेला 'बाई' म्हटले तर त्यांना ते रुचत नाही, कारण दरम्यान घरकामाला येणाऱ्या स्त्रीसाठी तोच शब्द ठरून गेला. म्हणून 'मॅडम'. शब्द बदलला, कारण आपण कष्टकरी स्त्रीला जे वागवतो ते त्या शब्दाला चिकटले. पण याहून महत्त्वाचे असे की, शब्द एकच असतानाही मराठी माणूस फरक बरोबर करत होता. 'बाई आल्या' म्हणजे शिक्षिका. 'बाई आली' म्हणजे भांडी घासणारी. सारा फरक क्रियापदाच्या शेवटी आहे.

आमचा मुद्दा हा आहे. मराठीतील अधिकार संबोधनात जितका असतो त्याहून कितीतरी अधिक क्रियापदात आणि सर्वनामात असतो, आणि तेथे आपण कधी पाहत नाही. 'साहेब आले', 'शिपाई आला'. 'मंत्र्यांनी पाहणी केली', 'शेतकऱ्याने विष घेतले'. वृत्तपत्रातील बातम्या एक आठवडाभर कात्रून पाहा. अधिकाऱ्याच्या नावापुढे 'यांनी' येते, मजुराच्या नावापुढे 'याने'. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कर्जाने पिचून माणसे मरतात. मरणाच्या बातमीतही त्यांच्या वाट्याला अनुस्वार येत नाही. पुढाऱ्यावर गुन्हा दाखल झाला तरी 'यांनी' टिकते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो 'याने'च राहतो. ही वाक्ये लिहिणारे पुष्कळसे वार्ताहर आमच्याच वर्गातून गेलेले आहेत.

यावर उत्तर ठरलेले आहे: हे व्याकरण आहे, आदरार्थी बहुवचन जुने आहे, त्याला कोण काय करणार? वास्तविक व्याकरण दोन्ही रूपे आपल्यापुढे ठेवते. कोणते कोणाला द्यायचे हे आपण ठरवतो. दुसरे उत्तर असे की 'तू' हा मराठीत जिव्हाळ्याचा शब्द आहे; आपण आईला, विठ्ठलाला 'तू' म्हणतो. अगदी खरे. म्हणूनच कसोटी 'तू' किंवा 'तुम्ही' अशी न ठेवता वेगळी ठेवावी. जो शब्द आपण समोरच्याला देतो तोच त्याला आपल्याला परत देता येतो का? आणि नाही देता येत, तर त्याचे कारण वय व नाते हे आहे, की पगार व जात? आई आपल्याला 'तू' म्हणते, आपण तिला म्हणतो. पंचवीस वर्षांचा कारकून पंचावन्न वर्षांच्या हमालाला 'तू' म्हणतो, तेथे परतफेड नाही.

केरळमधील माथूर ग्रामपंचायतीने २०२१ मध्ये कार्यालयात 'सर' व 'मॅडम' ही संबोधने बंद केली. आम्हाला ती घटना आदराची वाटते, कारण तेथे खोट्या व्युत्पत्तीचा आधार घेतला गेला नाही. नागरिक आणि कर्मचारी समान आहेत एवढेच सांगितले गेले. आणि त्यांनी अर्जातील विनवणीच्या क्रियापदांऐवजी हक्काची क्रियापदे वापरायला सांगितली. संबोधनापाशी न थांबता ते वाक्याच्या शेवटापर्यंत गेले. आमच्याकडे विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी, म्हणजे कायद्याने जे त्याचेच आहे त्यासाठी, 'मिळावी ही नम्र विनंती' असे लिहितो आणि खाली 'आपला आज्ञाधारक'. हा नमुना त्याला शाळेत आपणच शिकवला. गुलामी शोधायचीच असेल तर ती येथे आहे.

म्हणून आमच्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. 'सर' म्हणू द्या. हाक मारायला काहीतरी लागते आणि मुलांच्या तोंडी त्यात आपुलकीही असते. तो मजकूर पुन्हा वाचण्याआधी कोश उघडा. उपयोजित मराठीच्या तासाला अर्जाचा नमुना बदला. 'मागणी करीत आहे' असे लिहायला शिकवा. बातमीलेखन शिकवताना 'याने' आणि 'यांनी' यांचा हिशेब मुलांकडून मांडून घ्या. आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलताना आपले सर्वनाम कधी, कोणासमोर घसरते, याकडे लक्ष द्या. पदवी तीच, विषय तोच. पण कायम नेमणुकीचे आदेश नसले की 'तुम्ही'चा 'तू' व्हायला वेळ लागत नाही.

हे सारे आम्ही दुसऱ्यांना सांगत आहोत असे कोणी समजू नये. आमच्यापैकी एकाच्या विभागात एक सेवक आहेत. आम्ही चाळिशीतले, ते निवृत्तीला आलेले. मुले त्यांना 'मामा' म्हणतात आणि 'मामा, चावी द्या' असे बोलतात. आम्ही परवापर्यंत त्यांना नावाने हाक मारत होतो आणि 'अरे, चावी दे' म्हणत होतो. कपाटातले कोश काढायला चावी त्यांच्याचकडून घेतली, आणि कोशात वाचले की 'सर' म्हणजे वयाने वडील. म्हणजे त्या खोलीत कोशाच्या हिशेबाने 'सर' एकच होते, आणि त्यांनाच आम्ही 'अरे' म्हणत होतो. आता आम्ही 'द्या' म्हणतो. पहिले काही दिवस जीभ अडखळली. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही; फक्त एकदा, चावी देताना, ते आमच्याकडे जरा वेळ पाहत राहिले.